दिव्याच्या कडेतलं कुंकू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाबहिणींना नाही, देवालाही नाही. देवाला वेगळं सांगावं लागत नाही म्हणतात. पण मी सांगितलं नाही, हे खरं. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाचा मला कधी भरवसाच वाटला नाही.

संशय हा माझा स्वभाव. नोकरीही तसलीच मिळाली — ऑडिटची. दुसऱ्याच्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. आता घरी आल्यावर ती नजर काही चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, ऑटोच्या मीटरवर संशय, सुधा — माझी बायको — फोनवर हसली की पलीकडे कोण, हा संशय. "यांना देवानं प्रसाद दिला ना, तरी उलटा करून बघतील," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची. मी हसायचो. थोडा अभिमानच वाटायचा मला त्याचा.

तर — सायकलबद्दल सांगायचंय. खरं तर सायकलच्या एका दिव्याबद्दल.

आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. किती जुने ते विचारू नका. कुणा सरदाराच्या घोड्यांमागून आलो आणि घोडे परत गेले तरी आम्ही राहिलो, असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत गणिताचे मास्तर होते. आमची मराठी घरातली, निम्मी कन्नड. 'सरी', म्हणजे 'बरं', म्हटल्याशिवाय आमचं बोलणं संपत नाही. जे. पी. नगरात अण्णांनी घर बांधलं, वर गच्चीला लागून एक खोली काढली. ती भाड्यानं देत असू. आई गेल्यानंतर खाली आम्ही तिघंच होतो — अण्णा, सुधा, मी. आणि पोर्टिकोत अण्णांची सायकल.

ती इंग्लंडची बनावट होती. आजोबांनी कॅन्टोन्मेंटमधल्या एका गोऱ्या साहेबाकडून, तो मायदेशी निघाला तेव्हा घेतलेली. काळी, उंच, चेनला पत्र्याचं कव्हर, आणि पुढं घुमटासारखा एक दिवा. त्या दिव्याच्या माथ्यावर पोचा होता. तो मी पाडलेला. लहानपणी न विचारता सायकल काढली आणि फाटकावर घातली. अण्णांनी मारलं नाही. नुसतं म्हणाले, "श्रीपाद, आता हिला हात लावायचा नाही." मी लावला नाही. पुढं मोठा झालो, स्कूटर घेतली, लग्न केलं — त्यांनीही 'आता लाव' असं कधी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

दरवर्षी खंडेनवमीला त्या सायकलची पूजा व्हायची. इथं सगळं गाव त्या दिवशी आयुधपूजा करतं — कारखान्यातल्या यंत्रापासून ऑटोपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, आणि दारात कोहळा फोडायचा. आमच्या घरी पहिला मान सायकलचा, मग माझ्या स्कूटरचा. अण्णा कुंकू खोबरेल तेलात कालवायचे आणि दिव्याच्या काचेभोवती जी पितळी कड होती, तिच्या खोबणीत बोटानं फिरवायचे. वर्षानुवर्षं. पुसलं तरी ते तिथून निघत नसे. त्या खोबणीत एक लाल-काळी रेघ कायमची बसली होती.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. गावात संगणकाच्या कंपन्या उघडत होत्या आणि महाराष्ट्रातून पोरं येत होती. वरच्या खोलीत विवेक राहायला आला. नागपूरचा, पंचविशीतला, मोठ्यानं हसणारा. आमची मराठी ऐकून त्याला गंमत वाटायची. त्याची ऐकून आम्हाला. पहिल्याच आठवड्यात तो पोर्टिकोत उकिडवा बसून सायकल न्याहाळत होता, आणि दुसऱ्या रविवारी — दुसऱ्याच — अण्णांनी त्याच्या हातात पाना दिला. दोघांनी मिळून सायकल उघडली. जुन्या ताटात रॉकेल, त्यात सगळे सुटे भाग, दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. मी आत पेपर वाचत होतो. वाचत म्हणजे — धरून बसलो होतो. अण्णा त्याला 'मरी' म्हणाले, ते ऐकू आलं. मरी म्हणजे कन्नडात बाळ. मला ते तसं कधी म्हणायचे ते मला आठवेना.

लगेच वाटलं, या पोराला काय हवंय? फुकट कोण कुणाच्या म्हाताऱ्याबरोबर रविवार घालवतो?

विवेकनं आणखी एक नवल घरात आणलं. इंटरनेटवर जुन्या सायकलींचा नाद असलेल्या लोकांची एक मंडळी होती. एकानं ई-मेल लिहिली की ती सगळ्यांना पोचायची. कुणाला कुठला भाग हवाय, कुणाकडे काय विकायचंय, असलं सगळं. विवेक ऑफिसातून ती पत्रं छापून आणायचा आणि अण्णांना वाचून दाखवायचा. 'लंडनजवळचा एक जण लिहितोय अण्णा, त्याच्याकडे आपल्यासारखीच आहे!' आपल्यासारखी. हा शब्द मी लक्षात ठेवला.

मग एके संध्याकाळी तो मला जिन्यात थांबवून म्हणाला, "दादा, एक सांगू का? राग नका मानू. अण्णा आजकाल फार विसरून राहिले. परवा सायकल घेऊन केस कापायला गेले नं, आणि पायी परत आले. मीच जाऊन आणली. एकदा डॉक्टरला दाखवून द्या नं त्यांना."

चांगला माणूस काय म्हणाला असता? 'बरं झालं सांगितलंस' म्हणाला असता. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. तू नको काळजी करू." आणि वर जाणाऱ्या त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, हा आधीच पाया घालून ठेवतोय. उद्या काही नाहीसं झालं, की अण्णाच विसरले म्हणायला मोकळा.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी सायकल पोर्टिकोत नव्हती.

सुधा रांगोळी काढायला बाहेर गेली आणि तिनं हाक मारली. अण्णा हातात कुंकवाची वाटी घेऊन आले. रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. "रात्री मी कुलूप लावलं," म्हणाले. "लावलं ना रे मी?" मी काही बोलायच्या आत विवेक खाली आला. तो बाहेरगावचं काम आटपून नुकताच परतला होता, डोळे चोळत होता. सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अण्णा काल कुठे गेले होते? पूजेचं सामान कुठून आणलं?"

"इथूनच," मी म्हणालो. "कोपऱ्यावरून."

आणि शेजारीपाजारी फाटकाशी जमले होते, त्यांच्यासमोर मी त्याला म्हटलं, "तुझी खोली जरा उघडून दाखवतोस?" त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पण त्यानं उघडली. आत काय असणार? एक गादी, कपडे, सायकलींची चित्रं. अण्णा मात्र माझ्यावर संतापले. "तो घेत नाही रे! सुम्मने कुणाचं नाव घेऊ नको." सुम्मने — उगाच. सगळ्यांसमोर म्हणाले.

त्या वर्षी आमच्याकडे फक्त स्कूटरची पूजा झाली. अण्णा आले नाहीत.

विवेक खोली सोडून गेला असता तर कदाचित तिथंच संपलं असतं. पण तो राहिला. रोज ऑफिसातून येताना कुठल्या ना कुठल्या सायकलच्या दुकानात विचारून यायचा. त्या ई-मेलवाल्या मंडळींनाही त्यानं लिहिलं — अशी अशी सायकल, दिव्याच्या माथ्यावर पोचा, कडेला कुंकवाची रेघ, कुणाला दिसली तर कळवा. अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा डोळे पुसत होते. मी विचार केला, काय चलाख आहे! चोरानंच आधी बोंब मारायची.

म्हणून मी त्याच्यावर पाळत ठेवायचं ठरवलं. कोपऱ्याजवळ एक सायबर कॅफे निघाला होता, लाकडी फळ्यांचे खण केलेला. तिथं बसून, मोडेमचा कर्कश आवाज ऐकत, मी खोट्या नावानं त्या मंडळीत शिरलो. पत्रं वाचायला लागलो. काय शोधत होतो मी? त्याच्याविरुद्ध काहीतरी, काहीही. आणि एका शनिवारी मिळालं. होसकोट्याहून कुणीतरी लिहिलं होतं. खाली नावाची नुसती दोन अक्षरं. 'जुना सायकलचा दिवा विकणे आहे. काच तडकलेली. माथ्यावर पोचा. बटण चालत नाही. घेणाऱ्यानं आधीच जाणून घ्यावं.'

माथ्यावर पोचा!

स्वतःच्या मालाची खोट इतकी उघड कोण सांगतं? प्रामाणिक माणूस सांगतो, हे उत्तर मला सुचलं नाही. मला वाटलं, ही दोन अक्षरं म्हणजे विवेकचा कुणी साथीदार. मी सुधाच्या नावानं लिहिलं, घेते म्हणून. त्या माणसानं पुन्हा विचारलं — ताई, दिवा खराब आहे, नक्की हवा आहे ना? मी लिहिलं, हवा आहे. खराबच हवा आहे, हे काही लिहिलं नाही.

कुरियरनं पुडकं ऑफिसात आलं. कन्नड वर्तमानपत्रात, नारळाच्या काथ्यात नीट गुंडाळलेलं. मी जेवणाच्या सुट्टीत ते टेबलाखाली उघडलं.

तो आमचा नव्हता.

हातात घेताक्षणी कळलं. पोचा होता, पण उजवीकडे. आमचा डावीकडे होता — तो पाडणाऱ्याला माहीत नसणार तर कुणाला? मागच्या बाजूला निळा रंग सांडल्याचे डाग. आणि कड — तीच पितळी कड, तीच खोबण — स्वच्छ. कधीच कुंकू न लागलेली.

इथं थांबता आलं असतं. दिवा कपाटात टाकायचा आणि गप्प बसायचं, इतकंच तर होतं. पण मी शेजाऱ्यांसमोर त्याची खोली उघडायला लावली होती. अण्णांनी सगळ्यांदेखत मला 'उगाच' म्हटलं होतं. आणि संध्याकाळी घरी आलो तर अण्णा आणि विवेक पोर्टिकोच्या पायरीवर बसले होते, समोर सायकलची ती रिकामी जागा, आणि दोघं शेंगदाणे खात होते.

रविवारी सुधा देवळात गेली तेव्हा मी देवघरातला कुंकवाचा करंडा घेतला. खोबरेल तेल घेतलं. मागच्या बाजूचे निळे डाग ब्लेडनं खरवडले. मग कुंकू तेलात कालवलं, अण्णा कालवायचे तसंच, आणि काडीपेटीतल्या काडीनं त्या दिव्याच्या खोबणीत भरलं. वरून समईची काजळी चोळली. पुसलं, पुन्हा भरलं. गच्चीवर उन्हात पाण्याच्या टाकीमागं ठेवून दिला. तीन-चार दिवस रोज जाऊन बघायचो, नीट बसलंय का. वर विवेकची खोली दोन हातांवर होती. तो आत रेडिओ लावून कपड्यांना इस्त्री करत असायचा.

देवघरातलं कुंकू. आईच्या वापरातला करंडा होता तो.

मग मी दिवा अण्णांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दिवा मांडीवर घेतला. पोचा डावीकडे की उजवीकडे, हे त्यांना आठवलं नसावं. आठवणार नाही असा माझा हिशेब होताच. पण अंगठा मात्र आपोआप कडेवरून फिरला. खोबणीत लाल रेघ. ती त्यांनी बराच वेळ चाचपली.

"कुठं मिळाला?"

"इंटरनेटवर विकायला होता. विवेकच्या त्या मंडळींत."

बघा — यातला एकही शब्द खोटा नाही. मी ते आधीच जुळवून ठेवलं होतं. ऑडिटवाला माणूस, शब्दांत कधी सापडायचा नाही.

अण्णांनी दिवा टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी विवेक 'अण्णा, चहा?' म्हणत खाली आला तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. विवेकनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या दिव्याकडे. आनंदानं पुढं झाला — मिळाला? — आणि उचलला. उलटासुलटा केला. पोच्यावर बोट ठेवलं. कडेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा डोळ्यांसमोर धरला. अंगठा लाल झाला होता. वर्षानुवर्षं बसलेलं कुंकू बोटाला येत नाही, नवं येतं. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. मला कळलं की त्याला कळलं. आता बोलेल, म्हणून मी तयारीत होतो. माझ्याकडे दहा उत्तरं होती. तो बोललाच नाही. अण्णांच्या पाठीकडे बघत राहिला, मग दिवा जागेवर ठेवून वर गेला.

दोन दिवसांत त्यानं खोली सोडली. सामान ऑटोत ठेवलं. अण्णांच्या दाराशी वाकून नमस्कार केला. दार बंद होतं. फाटकाशी मला म्हणाला, "दादा, माझं जाऊ द्या. पण अण्णांना डॉक्टरकडे न्या. उशीर नका करू."

हे ऐकून मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. मला वाटलं, हा धमकी देतोय. मनात कुठंतरी मी हिशेब मांडत होतो, की आता हा कुणाकुणाला सांगेल. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. त्या मंडळींना त्यानं शेवटचं एक पत्र लिहिलं, ते मी कॅफेत बसून वाचलं. 'अण्णांच्या सायकलचा शोध थांबवत आहे. मदत केलेल्या सर्वांचे आभार.' एवढंच.

इथपर्यंत सांगितलं तर तुम्ही म्हणाल, चूक झाली, संशयी माणूस, जळफळाट झाला, घडतं असं. थांबा. अजून आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी कामासाठी मला गांधी बाजारात जावं लागलं. त्या बाजूला मी जाणं टाळायचो — का, ते सांगतो. स्कूटर लावायला स्टँडवर शिरलो. शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून, धुळीनं पांढरी झालेली एक उंच सायकल उभी होती. पुढं दिवा. माथ्यावर डावीकडे पोचा. मी जवळ गेलो. कडेवर बोट फिरवलं. बोटाला काही आलं नाही.

स्टँडवाला मागून आला. "निम्मदा, सार?" तुमची का, साहेब?

"अल्ल," मी म्हणालो. नाही.

तो आपणहून सांगायला लागला. एक अज्जा फुलं घ्यायला यायचे, सणाच्या आदल्या दिवशी लावून गेले ते आलेच नाहीत. गेले असतील बिचारे, म्हणाला. मी 'असेल' म्हटलं. स्कूटर काढली आणि दुसरीकडे लावली. नंतर बऱ्याच दिवसांनी रस्त्यावरूनच डोकावलो तेव्हा भिंतीशी ती नव्हती. कुठं गेली, कुणी नेली, विचारलं नाही.

विचार करा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ढकलत घरी आणली असती तर म्हाताऱ्याला त्याची सायकल मिळाली असती, आणि त्या पोराला त्याचं नाव. पण सायकल घरी आली असती तर दिवे दोन झाले असते.

आता शेवटचं. हे सांगायचं टाळता येईल का, हे मी लिहिता लिहिता बघत होतो.

त्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. दुपारी मी फाटकात उभा होतो तेव्हा अण्णा ऑटोतून आले. मांडीवर भलामोठा कोहळा, पायाशी केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. एवढं ओझं सायकलवर मावणार नाही म्हणून कुणीतरी त्यांना ऑटोत बसवून दिलं असणार. "गांधी बाजारात स्वस्त मिळालं बघ," म्हणाले. ऑटोवाल्याला पैसे मीच दिले. कोहळ्यामुळे त्यांना वाकता येईना. "श्रीपाद, पायाचं जरा काढ रे," म्हणाले. मी खाली बसलो आणि त्यांच्या दोन्ही पायांच्या क्लिपा काढल्या. सायकल चालवताना पँटचा घोळ चेनमध्ये जाऊ नये म्हणून लावतात ना, त्या. त्या मी पोर्टिकोतल्या फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल नाही म्हणून ओरडा झाला तेव्हा त्या क्लिपा तिथंच, फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. विवेकनं विचारलं, सामान कुठून आणलं. मी 'कोपऱ्यावरून' म्हणालो, आणि मागं हात नेऊन क्लिपा खिशात टाकल्या.

म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या क्षणापासून. पाळत, कॅफे, दोन अक्षरांचा साथीदार — हे सगळं मी स्वतःला पटवून दिलं, आणि मला ते चांगलं पटलंही. ज्याला कशावर विश्वास ठेवायचा नाही, त्याला हव्या त्या गोष्टीवर विश्वास ठेवता येतो. अण्णांचं डोकं जातंय हे मला कबूल करायचं नव्हतं, आणि ते त्या परक्या पोरानं आधी ओळखलं हे तर मुळीच नाही. त्यापेक्षा तो चोर असणं मला बरं वाटलं.

डॉक्टरकडे नेलं. फार उशिरा नेलं, घराचा रस्ता चुकायला लागल्यावर. डॉक्टरांनी विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हणालो, नाही.

पुढची वर्षं अण्णा थोडे थोडे करून गेले. आधी सुधाचं नाव गेलं, मग माझं. मग मी कोण, तेही गेलं. पाढे मात्र राहिले. एकोणतिसाचा पाढा अडखळल्याशिवाय म्हणायचे. आणि दुसरी एक गोष्ट राहिली. बाकी सगळं पुसलं गेलं त्या माणसाचं, पण तेवढी राहिली. मीटर बघायला येणाऱ्याला, अंग पुसायला येणाऱ्या नर्सला, भेटायला येईल त्या प्रत्येकाला सांगायचे — नागपूरच्या एका पोरानं माझी सायकल नेली. मरी म्हणायचो मी त्याला. आणि रडायचे.

दिवा अजून आहे. अण्णांची आठवण म्हणून सुधा दर खंडेनवमीला त्याच्या कडेत तेला-कुंकवाचं बोट फिरवते. आता ते पक्कं बसलंय, पुसलं तरी निघत नाही. क्लिपा माझ्या कपाटात आहेत.

शेवटी शेवटी मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचो. ते मला कुणी शेजारचे गृहस्थ समजत. सगळी हकिगत सांगून झाली की माझा हात धरत आणि विचारत, "तुम्ही भले दिसता. तुम्हीच सांगा, विश्वासानं घरात घेतलेल्या माणसानं असं करावं का?"

"नाही, अण्णा," मी म्हणायचो. "करू नये."

त्यांना जरा बरं वाटायचं. मान हलवायचे. आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे.